रंगाच्या आधीचं काम

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप बंपरवर धरला आणि तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा निघून खाली पडला, अशी गाडी आमच्या शेडसमोर वर्षभर येत असते. मालकाचं म्हणणं ठरलेलं: "रंग हलका वापरला हो त्यानं." रंग हलका असूही शकतो. पण बंपर सोलला जातो त्यात रंगाचा दोष क्वचितच असतो. मी आधी तो पापुद्रा मागतो. मालकानं जपून ठेवला असेल तर उत्तम, नसेल तर बंपरच्या कडेचा एखादा सुटा तुकडा नखानं उचलतो आणि उलटा करून बघतो. पाठीला करडा प्रायमर चिकटून आला असेल आणि खालचं प्लॅस्टिक काळं, गुळगुळीत, कोरं दिसत असेल, तर प्लॅस्टिकला धरून ठेवणारा थर दिलेलाच नाही, किंवा दिला तो मेणकट अंगावर दिला. खाली जुना रंग चकचकीत दिसत असेल तर घासाई झालेली नाही. बारीक फोड असतील तर आत ओल नाही तर क्षार कोंडलेत. सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे असतील तर सिलिकॉन राहिलंय. यातला एकही दोष गनमध्ये रंग भरल्यानंतरचा नाही. सगळे त्याच्या आधीचे, आणि ते 'आधीचं' गिऱ्हाईक बघत नाही, बिलात येत नाही, म्हणून तिथंच पाट्या टाकल्या जातात.

शिर्डीत डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याला हे दुसऱ्या गावच्या पेंटरपेक्षा लवकर कळतं, असं मला वाटतं. आमच्याकडे गाड्या सगळ्या मुलखातून येतात. सुरत, इंदूर, हैदराबाद, नागपूर, बंगळूर. कुणाची मनमाडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला घासते, कुणाची पार्किंगमध्ये खांबाला लागते, आणि दर्शन होईपर्यंत काही करता येईल का म्हणून माणूस विचारत येतो. म्हणजे आमच्या हाताखाली येणारा जवळजवळ प्रत्येक बंपर आधी कुणा परगावच्या पेंटरच्या हाताखालून गेलेला असतो. त्याचं घासणं, त्यानं भरलेली लांबी (पुट्टी), त्यानं टाळलेलं काम, सगळं पेपर मारताना थराथरानं वर येतं. तसंच आम्ही केलेलं काम गाडीबरोबर निघून जातं. ते सुटलंच तर हैदराबादचा कुणी पेंटर पापुद्रा उलटा करून बघेल आणि ज्याची कधी गाठ पडणार नाही अशा माझ्याबद्दल त्याचं मत ठरेल. गिऱ्हाईक काय म्हणेल यापेक्षा मला त्या पेंटरची जास्त भीड वाटते. गिऱ्हाइकाला चमक दिसते, त्याला थर दिसतात.

स्थानिक टॅक्सीवाल्यांची गोष्ट वेगळी. शनिशिंगणापूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा फेऱ्या मारणाऱ्या गाड्या रोज नजरेसमोर असतात. १ ऑक्टोबर २०१७ला काकडी गावचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून त्या आणखी वाढल्या. त्यांचे बंपर उन्हात, पावसात, धुण्यात कसे टिकतात हे चालता चालता दिसतं. कुठला प्रायमर दोन उन्हाळे काढतो आणि कुठला पहिल्याच पावसाळ्यात कडेला उचलतो, हे मी त्या टॅक्सीस्टँडवर शिकलो.

११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि कामाचा प्रकारही बदलला. गाड्या सलग वेगात येतात, पुढच्या गाडीनं उडवलेली खडी समोरच्या बंपरवर बसते आणि रंगाचे टवके थेट प्लॅस्टिकपर्यंत उडतात. पूर्वी विदर्भातला माणूस मुक्कामाला यायचा, गाडी रात्रभर आमच्याकडे राहायची. आता तो सकाळी निघतो, दर्शन घेतो आणि संध्याकाळी परत फिरतो. रस्त्यानं त्याचे तास वाचवले; रंग सुकायचे तास मात्र तेवढेच राहिले.

माझे उस्ताद कोपरगावचे. त्यांचा सगळा जन्म पत्र्यावर गेला. ॲम्बॅसिडर, पद्मिनी, जीप. त्या काळचे बंपर लोखंडाचे, बहुतेक क्रोम केलेले. ते पेंटरकडे येतच नसत. मारुती ८००चे सुरुवातीचे बंपर प्लॅस्टिकचे होते, पण काळेच, रंगाशिवाय. गाडीच्या रंगाचा बंपर आला तेव्हा उस्तादांच्या हाताला नवं जनावर लागलं. पत्र्याला रेड ऑक्साइड मारा, लांबी भरा, घासा, तो धरतो. प्लॅस्टिक धरत नाही. उस्ताद वयानं मोठे, नावाजलेले, तरी एका रंगाच्या कंपनीच्या ट्रेनिंगला आमच्यासारख्या पोरांच्या रांगेत खाली बसून त्यांनी सगळं लिहून घेतलं. परत आल्यावर मला म्हणाले, "बेटा, पत्रा माफ करतो. हे माफ करत नाही. याला आधी विचारायचं, तू कोण?"

विचारायचं ते बंपर उतरवून, उलटा करून. आतल्या बाजूला साच्यातच अक्षरं उठवलेली असतात. बहुतेक बंपरवर पीपी अधिक ईपीडीएम असं असतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि त्यात रबर मिसळलेलं, ठोकर लागली तर लवावं म्हणून. पुढं टी१० किंवा टी२० असतं, ते टाल्क या खनिजाच्या भुकटीचं शेकडा प्रमाण. आरशाची टोपी, ग्रिल, स्कूटरचे पॅनल बऱ्याचदा एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकचे. अक्षरं झिजली असतील तर आतल्या कडेची चिंधीएवढी चकती ब्लेडनं काढून पाण्यात टाकायची. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, तरंगतं, एबीएस बुडतं. यावर डोळे मिटून विसंबू नये, टाल्क जास्त असेल तर पीपीसुद्धा तळाला जातं. मग पेपर मारून बघायचं. पीपी घासलं की त्याला लव सुटते, मऊ तंतू उभे राहतात. एबीएसची कोरडी भुकटी पडते.

हा फरक नुसत्या माहितीचा नाही. एबीएसवर कडक थिनरचं फडकं जास्त फिरवलं तर त्याला केसासारख्या भेगा पडतात. पीपीला थिनर काही करत नाही, पण त्यातलं रबर तो शोषून घेतं, आणि वर रंग चढला की हळूहळू बाहेर सोडतं. दोन्हीकडे नुकसान. तरी आजही शेडमध्ये पहिला हात थिनरच्या डब्याकडे जातो.

पॉलिप्रॉपिलीन हे नाव मी आधी फक्त बॅटरीच्या खोक्यावर वाचलं होतं. त्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं की १९५४ साली इटलीत जुलिओ नात्ता यांनी ते घट्ट, टिकाऊ रूपात बनवलं आणि १९६३ला त्यांना कार्ल झिगलर यांच्यासह नोबेल मिळालं. ॲसिड, तेल, पाणी, कशालाच ते दाद देत नाही, म्हणून ते बॅटरीला चालतं. याच गुणापायी रंगालाही दाद देत नाही. कोरा पीपी बंपर कितीही धुवा, पाणी त्यावर अळवाच्या पानावरच्यासारखं थेंबाथेंबानं उभं राहतं, पसरत नाही. जिथं पाणी पसरत नाही तिथं रंग पसरला तरी रुजत नाही. कारखान्यात यावर उपाय म्हणून काही ठिकाणी बंपरवरून आगीची ज्योत झर्रकन फिरवतात. त्या आचेनं वरचा कातडीएवढा थर बदलतो आणि रंग धरायला लागतो. आमच्या शेडमध्ये ते काम प्लॅस्टिक प्रायमर करतो. त्यात क्लोरीन जोडलेलं, पीपीच्याच जातीचं रसायन असतं. त्याचं एक अंग प्लॅस्टिकशी मिळतं, दुसरं रंगाशी. पातळ, पाण्यासारखा दिसतो, एका बंपरला चहाच्या पेल्याएवढा लागतो, आणि दिसत नाही म्हणून बेधडक गाळला जातो.

पण प्रायमरच्याही आधी धुणं आहे. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथं जातो आणि मला तो घालवायचाच असतो.

शिर्डीच्या बंपरवर काय नसतं! कितीतरी माणसं नवी गाडी शोरूममधून काढतात ती थेट बाबांच्या दर्शनाला आणतात. बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक, खाली बंपरपर्यंत ओघळलेलं हळदीचं पाणी, नारळ फोडल्यावर उडालेलं पाणी, कापराची काजळी, निरांजनातलं तूप नाही तर तेल. झेंडूची माळ ग्रिलमधून सुतळीनं आवळून बांधलेली. ती माळ भक्तीनं बांधतात आणि तशीच घरापर्यंत नेतात. वाऱ्यानं सुतळी तासन्तास त्याच जागी घासत राहते, मधे धूळ असतेच, आणि गावी पोचेपर्यंत क्लिअरच्या थरात चर पडलेला असतो. कुणाच्या श्रद्धेला मी बोट लावत नाही. एवढंच सांगतो की माळ घाला, आरती करा, आणि गाव सोडायच्या आधी ती उतरवून गाडीत ठेवा. बरेच जण ऐकतात.

मग स्टिकर. मागच्या बंपरवर पादुका, बाबांचं चित्र, "ॐ साई राम". हे स्टिकर मी ब्लेडनं खरवडत नाही. हीटगननं लांबून ऊब देतो, कोपरा उचलतो आणि सावकाश, आडवा ओढत काढतो. निघालेलं चित्र मालकाच्या हातात देतो. तो नाही म्हणाला तर शेडच्या पत्र्यावर लावतो. ते कचऱ्यात गेलेलं मला चालत नाही. खाली राहिलेल्या गोंदावर रॉकेल लावायची सवय अनेकांना आहे, त्यानं गोंद जातो आणि तेलाचा पडदा राहतो. गोंदाला वेगळा क्लीनर मिळतो, तोच वापरावा.

सगळ्यात वाईट मात्र डॅशबोर्डचं पॉलिश. टायर आणि काळं प्लॅस्टिक चमकावं म्हणून वॉशिंगवाले ते बंपरलाही चोपडतात. त्यात सिलिकॉन असतं. हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण रंगाचा पहिला कोट पडला की त्या जागेवरून रंग बाजूला सरतो आणि गोल डोळे उघडतात. एका फडक्यावरचं सिलिकॉन दुसऱ्या गाडीवर जातं. म्हणून माझ्या शेडमध्ये धुण्याची फडकी आणि पॉलिशची फडकी एका बादलीत पडत नाहीत. पोरगं नवीन आलं की पहिला नियम हाच सांगतो.

धुण्याची पद्धत साधी आहे. कोमट पाणी, भांड्यांचा साधा साबण, करडा स्कॉचब्राइट. बंपर स्टँडवर, त्याच्या मूळ आकारात टेकवून. आधी आतली बाजू, कारण चिखल तिथं असतो आणि नंतर धुतला तर तोच पाण्याबरोबर पुढं येतो. मग नंबर प्लेटची खाच, फॉगलॅम्पचे कोनाडे, चाकाकडची दुमडलेली कड. रंग सुटायला सुरुवात होते ती याच जागांवरून, कारण स्कॉचब्राइट तिथं बोट वाकवून घालावा लागतो आणि कुणी घालत नाही. सपाट भाग तर कुणीही घासतं. मग भरपूर पाणी. आमच्या भागात बोअरचं पाणी जड. आपोआप वाळू दिलं तर पांढरे ठिपके राहतात, आणि ते क्षार रंगाखाली गेले की पावसाळ्यात ओल ओढून फोड आणतात. म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं, आणि ते अंगावर वाळायच्या आत हवेनं उडवून, फडक्यानं टिपून घ्यायचं.

कोरा, प्रायमर नसलेला बंपर आणला असेल तर आणखी एक काम. साच्यातून सुटून यावा म्हणून साच्याला मेणासारखं काहीतरी लावलेलं असतं, ते बंपरबरोबर येतं. असा बंपर मी धुऊन उन्हात ठेवतो. आमचं ऊन या कामाला चांगलं. मे महिन्यात काळं प्लॅस्टिक हात लावू देत नाही. उबेनं आतला ओशटपणा वर येतो, मग परत धुवायचं. आधार मात्र नीट हवा, नाही तर तापलेला बंपर मधे झोपतो आणि गाडीला बसत नाही.

यानंतर प्लॅस्टिकचा क्लीनर, दोन फडक्यांनी. एकानं ओलं लावायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं. एकाच फडक्यानं पुसत राहिलं तर मळ इकडचा तिकडं होतो. आणि जोरात घासायचं नाही. प्लॅस्टिकला घर्षणानं वीज चढते, पत्र्यासारखी ती जमिनीत उतरत नाही. थंडीत आमची हवा इतकी कोरडी की पुसलेल्या बंपरकडे धूळ उडत येताना दिसते. त्यात गळीत हंगाम. कुठं पाचट पेटवलं की काळी काजळी तरंगत शेडमध्ये शिरते. अशा दिवशी मी जमिनीवर पाणी मारतो, वीज मारणाऱ्या क्लीनरचा शेवटचा हात हलक्या हातानं फिरवतो आणि मगच गन उचलतो.

घासाईबद्दल थोडंच. जुना रंग घट्ट असेल तर तो काढू नये, त्याच्याइतका चांगला पाया आपण देऊ शकत नाही. कंपनीतून प्राइम होऊन आलेल्या बंपरचा प्रायमरही तसाच राखावा. टवक्यांच्या कडा ३२०च्या पेपरनं उतरवायच्या, मग ४००, ६००. चीर असेल तर त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या काडीनं आतून वेल्ड. खड्डा असेल तर आधी उकळतं पाणी ओतून आतून दाबून बघायचा. अर्धे खड्डे एवढ्यानं उठतात. लांबी लागलीच तर प्लॅस्टिकची, लवणारी. पत्र्याची लांबी बंपरवर भरली तर पहिल्या ठोकरीला ताटासारखी सुटून येते. पेपरनं कडेला कोरं प्लॅस्टिक उघडं पडलं तर तेवढ्या जागेला प्लॅस्टिक प्रायमर परत द्यायचाच, बोटाएवढी जागा असली तरी. पुढं सरफेसर, ८००चा पाणी पेपर, रंग, क्लिअर. रंगाचं काम अर्ध्या तासाचं. त्याचंच कौतुक होतं.

क्लिअरमध्ये हार्डनर पडतो त्यात आयसोसायनेट असतं आणि ते छातीत बसलं की दमा देतं. तोंडाला बांधलेल्या रुमालानं किंवा धुळीच्या साध्या मास्कनं ते अडत नाही. कोळशाची काडतुसं असलेला मास्क, ती वेळेवर बदलून; बाहेरची हवा पुरवणारा असेल तर सगळ्यात चांगला. उस्तादांची छाती रुमालावरच गेली. शेडमधल्या पोरांना मी यात सूट देत नाही, रागावली तरी.

घाईचं गिऱ्हाईक रोज येतं. एक कुटुंब गुजरातचं, म्हातारी आई बरोबर, पुढच्या बंपरचा कोपरा फुटलेला. "भाऊ, चार वाजेपर्यंत करून द्या. गाडी भावाची आहे." मी म्हणालो, "दादा, चारपर्यंत दिसेल चांगलं. टिकणार नाही. पहिल्या पावसात सोलेल." ते म्हणाले, "आत्ता दिसलं तरी चालेल." हातात पैसे होते. मी चीर आतून वेल्ड करून दिली, क्लिपा बसवल्या, कड घासून सारखी केली आणि त्यांच्या गावी नेमकं काय करून घ्यायचं ते कागदावर लिहून दिलं: आधी धुणं, मग प्लॅस्टिक प्रायमर, लवणारी लांबी. त्यांना पटलं नाही. आजींनी मात्र जाताना प्रसादाचा लाडू हातावर ठेवला.

इन्शुरन्सच्या एस्टिमेटमध्ये 'बंपर पेंटिंग' अशी एक ओळ असते. धुणं, क्लीनर, प्लॅस्टिक प्रायमर त्या ओळीत गृहीत धरलेलं, म्हणजे ज्याचं त्याच्या मनावर सोडलेलं. मी माझ्या बिलात 'धुलाई व तयारी' अशी वेगळी ओळ घालायला लागलो. रक्कम मोठी नाही. पण गिऱ्हाईक विचारतं, "हे काय?" आणि मग सांगता येतं. शिवाय काम झालं की बंपरच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, प्रायमर कुठला आणि लांबी कुठं भरली ते लिहितो. पुढच्या पेंटरला कुठपर्यंत घासायचं ते कळावं म्हणून. टॅक्सीवाल्यांच्या गाड्या परत उघडतो तेव्हा मलाही ते कामाला येतं.

आता नवीन गाड्यांच्या बंपरमागं रडार येतंय. समोरचं वाहन ओळखून गाडी आपोआप ब्रेक लावते ते. त्याच्या लाटा बंपरच्या प्लॅस्टिकमधून आणि रंगामधून जातात. तिथं लांबीचा जाड थर आला किंवा रंगावर रंग चढत गेला, तर त्याला समोरचं नीट दिसत नाही. बऱ्याच कंपन्या त्या पट्ट्यात लांबी भरायला मनाई करतात. म्हणून अशा गाडीचा बंपर तिथं फुटला असेल तर मी दुरुस्तीचं काम घेत नाही, नवा बंपर मागवा म्हणून सांगतो आणि रडार परत जुळवून घ्यायला कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो. परवा एक जण यावरून चिडून दुसऱ्या शेडला गेला. तिथल्या पेंटरला मी फोन करून सांगितलं की मधल्या पट्ट्यात लांबी भरू नको. तो म्हणाला, "बघतो."